रुळांकाठची प्रश्नोत्तरं : राजमुंद्रीचा जुना पूल

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात आंध्रातल्या राजमुंद्रीच्या जुन्या गोदावरी पुलाचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून या वेळचं सदर त्या पुलालाच देऊन टाकतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी मूळचा नांदेडचा. दक्षिण मध्य रेल्वेत ब्रिज इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली आणि त्यातली 1983 ते 1992 ही वर्षं राजमुंद्रीत काढली. लहानपणी ज्या नदीत पोहायला शिकलो तिच्याच दुसऱ्या टोकाला पगार घेतला म्हणा ना.

प्रश्न : या पुलाला 'हॅवलॉक ब्रिज' म्हणतात. 1857 साली लखनौच्या वेढ्यात लढलेला सेनापती हॅवलॉक तो हाच का? पूल कोणी, कधी बांधला? आणि एवढा मोठा पूल तीन वर्षांत कसा झाला असेल? आमच्या गल्लीतला नाल्यावरचा पूल चार वर्षं चालू आहे. (एक वाचिका, नाशिक)

नाही, तो हॅवलॉक वेगळा. लखनौचा तो हेन्री हॅवलॉक, 1857 सालीच वारला. अंदमानातल्या ज्या बेटाचं नाव 2018 साली बदलून स्वराज द्वीप केलं, तेही त्याच्याच नावाचं होतं. आपल्या पुलाला नाव आहे ते आर्थर एलिबँक हॅवलॉक यांचं. हे 1896 ते 1900 या काळात मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते. पूल बांधला जात असताना गव्हर्नर होते, एवढंच त्यांचं कर्तृत्व. राजमुंद्रीत मात्र हे नाव फार कोणी घेत नाही, 'पात वंतेन' म्हणजे जुना पूल म्हणून मोकळे होतात.

ज्याचं नाव द्यायला हवं होतं तो माणूस म्हणजे पुलाचा इंजिनिअर फ्रेडरिक वॉल्टन. काशीला राजघाटाजवळ गंगेवर जो दुमजली पूल आहे, आज ज्याला मालवीय पूल म्हणतात, तो 1887 साली पुरा केला तो यानेच. गोदावरीवर आला तेव्हा मोठ्या नदीच्या तळाशी हात घालण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

पुण्यात रँडचा खून झाला ते 1897 साल. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला राजमुंद्रीत काम सुरू झालं आणि 30 ऑगस्ट 1900 रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. तोवर विजयवाड्यापासून कटकपर्यंतचा पूर्व किनाऱ्याचा लोहमार्ग 1893 ते 1896 या काळात तयार होऊन बसला होता, पण मधे गोदावरी आडवी. मद्रासकडून येणारा उतारू कोव्वूरला उतरायचा, सामानसुमान घेऊन नावेने पलीकडे राजमुंद्रीला जायचा आणि तिथून पुन्हा गाडी धरायची. पावसाळ्यात ही नाव म्हणजे काय प्रकरण असेल ते गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको.

आता तीन वर्षांचं कोडं. पूल आहे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, 56. प्रत्येक गाळा दीडशे फुटांचा. काशीचे मोठे गाळे साडेतीनशे फुटांच्या घरातले आहेत. तिथे मोजकेच खांब आणि प्रचंड गर्डर (खांबाखांबांवर टेकलेल्या लोखंडी तुळया), तर इथे बेताचेच गर्डर आणि खांबच खांब. पूल बांधणाऱ्यापुढे हा हिशेब कायम असतो. खांब महाग पडत असेल तर गाळा लांब करा, खांब स्वस्तात होत असेल तर गाळा आखूड ठेवा. एकच गोष्ट 56 वेळा करायची असली की दहाव्या वेळेपासून हात बसतो. माझ्या आईच्या पुरणपोळीसारखं आहे हे, पहिल्या दोन फाटणारच.

तीन वर्षं म्हणताना हेही बघा, की नोव्हेंबर ते जून एवढाच कामाचा हंगाम. पाऊस लागला की नदीतून उठायचं. म्हणजे खरे मिळाले ते तीन हंगाम, आणि त्यांतला मोठा वाटा गेला असणार तो पाण्याखालच्या कामात. लोक गर्डर बघतात, फोटोही गर्डरचेच काढतात. पण गर्डर चढवणं हे त्या मानाने सोपं. गोदावरीच्या तळाशी वाळू आहे, आणि वाळूवर खांब उभा करणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो.

वाळूत पाया घ्यायचा तो विहिरींचा. ही युक्ती साहेबाने विलायतेहून आणली नाही, ती आपल्याकडचीच. ताजमहालाखाली यमुनेच्या काठी अशाच विहिरी आहेत. आपल्या विहिरीत आणि या विहिरीत फरक एवढाच की आपण आधी खणतो आणि मग बांधतो, इथे आधी बांधायचं आणि मग खणायचं. नदीच्या पात्रात जिथे खांब यायचा तिथे जमिनीवर एक लोखंडी कड ठेवतात. तिची खालची धार पाचरीसारखी निमुळती असते. तिच्यावर गोल बांधकाम चढवायचं, मधला भाग पोकळ. चार-सहा फूट बांधकाम झालं की आतली वाळू उपसायची. वाळू निघाली की आख्खी विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसते. पुन्हा वर बांधायचं, पुन्हा आत उपसायचं. काही फूट खाली गेलं की आत पाणी भरतं. मग माणसाने खणणं संपलं. वरून जबड्यासारखं उघडणारं ग्रॅब सोडायचं, तळाची वाळू चावून वर आणायची. विहीर अडून बसली तर तिच्या डोक्यावर रुळांचे ढीग रचून भार द्यायचा.

आणि ती सरळ जात नाही, हे सगळ्यात वाईट. एका बाजूला चिवट माती लागली, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत वाळू, की विहीर कलते. मग जी बाजू वर राहिली आहे तिथेच जास्त उपसायचं, तिथेच भार टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आमच्या सेक्शनला एक म्हातारा कीमन, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा कामगार, होता, त्याला सगळे 'तात' म्हणजे आजोबा म्हणत. त्याचे आजोबा या विहिरींच्या कामावर होते असं तो सांगे. कललेल्या विहिरीला तो 'दारू प्यायलेली' म्हणायचा. ओरडून उपयोग नाही, सार, बाजूला बसून हळूहळू शुद्धीवर आणावी लागते. हे आजोबांचं वाक्य की त्याचंच, देव जाणे. पण पुढे दुसऱ्या एका पुलावर विहीर कललेली पाहिली तेव्हा मला ते शब्दशः पटलं.

हव्या त्या खोलीला पोचली की तळाला काँक्रीटचं बूच मारायचं, पोटात वाळू भरायची, वर झाकण घालायचं आणि त्या झाकणावर दगडी खांब उभा करायचा. नाशिकच्या ताई, तुमच्या नाल्यात विहिरी उतरवायच्या नाहीत. त्यामुळे चार वर्षांचं कारण नदीत शोधू नका.

प्रश्न : आमच्या वैनगंगेचं पाणी या पुलाखालून जातं का? आणि 1986 च्या महापुरात तुम्ही तिथे होतात का? (एक वाचक, गडचिरोली)

जातं. आणि महापूर येतो तो बराचसा तुमच्याच बाजूने. नांदेड-पैठणकडच्या आम्हा लोकांचा समज असतो की गोदावरी म्हणजे आमची. पण पैठणला नाथसागर झाल्यापासून वरचं पाणी बरंचसं तिथेच अडतं. खाली वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पुढे इंद्रावती येते, त्याहून खाली शबरी. या तिघी एकदम भरल्या की राजमुंद्रीला नदी ओळखू येत नाही. विदर्भात पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी आमच्या गेजवर, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवर, त्याची पावती मिळायची.

1986 च्या ऑगस्टमध्ये मी तिथेच होतो. पुलाच्या खाली काही किलोमीटरवर धवळेश्वरमचा बंधारा आहे, आर्थर कॉटनने 1852 साली पुरा केलेला. आज तिथे नवं बॅरेज आहे. तिथली पातळी 11.75 फूट झाली की पहिला इशारा, 13.75 ला दुसरा आणि 17.75 ला तिसरा. त्या वेळी तिसरा इशाराही मागे पडला. नदीच्या वरच्या अंगाला भद्राचलमला, तिथल्या वेगळ्या पट्टीवर, 75.6 फूट, आणि धवळेश्वरमहून 35 लाख क्युसेकच्या वर पाणी समुद्राकडे गेलं. आकडा वाचून काही कळत नाही, ठाऊक आहे मला. असं समजा, पैठणच्या धरणातून एक लाख क्युसेक सोडलं तरी आपल्याकडे गावं हलवायची धावपळ सुरू होते. त्याच्या पस्तीसपट.

खांबावर फुटांच्या रेघा रंगवलेल्या असतात. रात्रभर दर तासाला बॅटरीच्या उजेडात रेघ वाचायची आणि फोनवरून आकडा कळवायचा, एवढंच माझं काम. गाडी सोडायची की थांबवायची ते ठरवणारे दुसरे. पण पुरात रेघ हा खरा धोका नव्हे. खरा धोका रेघेच्या उलट्या दिशेला असतो. पाणी खांबाला आपटतं, भोवरा धरतं आणि खांबाच्या बुंध्याची वाळू उपसत जातं. वर दहा फूट पाणी चढलं तर खाली त्याहून जास्त खड्डा पडू शकतो. विहिरी इतक्या खोल का नेतात त्याचं उत्तर हे आहे. दोरीला शिशाचं वजन बांधून आम्ही तळ मोजायला सोडलं, तर वजन तळाला लागण्याआधीच प्रवाहाने दोरी अशी ओढली की ती पाण्यावर आडवीच झाली. तशी मोजलेली खोली लिहून ठेवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मी वहीत त्या तासाला 'मोजता आलं नाही' असं लिहिलं. त्यावरून पुढे एका साहेबांनी माझी हजेरी घेतली, म्हणे रकाना रिकामा ठेवायचा नसतो.

पहाटे मी खांबाच्या माथ्यावर तळहात टेकवून उभा होतो. दगड थरथरत होता. भीती वाटावी असं नव्हे, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. तात शेजारी विडी ओढत होता. पाण्यात वाहून आलेलं एक आख्खं झाड खांबाला अडकलं, उभं राहिलं, वळलं आणि गेलं. 'पोयिंदी,' तो म्हणाला. गेलं एकदाचं.

पाणी उतरल्यावर सगळ्या खांबांच्या बुंध्याशी तळ मोजायला आम्हाला बरेच दिवस लागले. पूल जागचा हलला नव्हता.

प्रश्न : इतका भक्कम होता तर बंद का केला? आणि तुम्ही नेमकी तपासणी कशाची करायचात? लोखंड तर लोखंडच असतं. (निवृत्त शिक्षक, परभणी)

गुरुजी, लोखंडाइतकं चंचल काही नाही. एक उदाहरण देतो. दीडशे फुटी गर्डर एका टोकाला पक्का बसवतात, दुसरं टोक सरकतं ठेवतात. मे महिन्यात सकाळी सहाला त्या सरकत्या टोकाशी मी खडूने रेघ मारायचो. दुपारी तीनला जाऊन पाहिलं की गर्डर रेघेच्या पुढे सेंटिमीटरभर आलेला असायचा. 56 गाळ्यांचा हिशेब केला तर पूल दुपारी सकाळपेक्षा जवळजवळ दोन फूट जास्त लांब. ते टोक गंजून किंवा मातीने जाम झालं तर हा सगळा जोर खांबाच्या माथ्यावर येतो आणि दगड तडकतो. म्हणून तिथे ग्रीस, तिथे साफसफाई, आणि कबुतरांशी आमचं कायमचं वैर.

दुसरं काम रिव्हेटचं. त्या काळी वेल्डिंग नव्हतं, सगळं रिव्हेटांवर. रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टक् करायचं. घट्ट असेल तर बोटाला काही लागत नाही. सैल असेल तर डास चावल्यासारखी बारीक झिणझिण येते. सैल रिव्हेटभोवती गंजाचं तांबूस कडंही दिसतं, पण डोळ्यांपेक्षा बोट खरं. हजारो रिव्हेट. संध्याकाळी जेवताना घास धरायला बोट कुरकुरायचं. बायको म्हणायची, दुसरं बोट वापरा ना. पण ज्या बोटाला सवय, त्यालाच कळतं.

बंद करण्याचं कारण म्हणाल तर पूल एकेरी मार्गाचा, बांधला तो 1900 सालच्या इंजिनांच्या वजनासाठी, आणि मद्रास-हावडा ही गर्दीची वाट. 1974 साली शेजारी दुसरा पूल झाला, वर सडक आणि खाली रेल्वे. तिसरा 1997 साली, काँक्रीटच्या कमानींचा. 28 गाळे, प्रत्येक साडेसत्त्याण्णव मीटरचा. नव्या राजमुंद्रीची ओळख म्हणजे आता त्या कमानी. त्या बांधल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1926 साली उभारलेल्या कंपनीने. सोलापूरकर हे मोठ्या अभिमानाने सांगतील, सांगू द्या, खरंच आहे.

कमानींचा पूल सुरू झाला आणि त्याच वर्षी जुना निवृत्त झाला. सत्त्याण्णव वर्षं नोकरी. भंगारात काढायच्या गोष्टीही झाल्या. 2025 साली तिथे 'अखंड गोदावरी' या पर्यटन प्रकल्पाची पायाभरणी झाली, त्यात जुन्या पुलावर लोकांना फिरता यावं अशी योजना आहे. माझं मत विचाराल तर काचेच्या गॅलऱ्या वगैरे करा खुशाल, पण एक तरी गाळा आहे तसा ठेवा. रंगरंगोटी न करता, रिव्हेट दिसतील असा.

प्रश्न : कोव्वूर हे गाव धार्मिकदृष्ट्या महत्त्वाचं आहे असं ऐकलं. काय संबंध? (त्र्यंबकेश्वर)

तुम्हीच हे विचारावं याची गंमत वाटली. गौतम ऋषी, त्यांच्या हातून मेलेली गाय आणि त्या पापक्षालनासाठी आणलेली गंगा, ही तुमच्या गावाची कथा. तीच कथा कोव्वूरचे लोक आपल्या गावाची म्हणून सांगतात. तिथल्या घाटाला गोष्पाद क्षेत्र म्हणतात, गाईचं पाऊल. नदी जिथून निघते तिथे ती कथा, आणि समुद्राला मिळण्यापूर्वी फाटे फुटायच्या जरा आधी पुन्हा तीच. गुरू सिंह राशीत आला की तुमच्याकडे सिंहस्थ, त्यांच्याकडे पुष्करम. 1991 च्या पुष्करमला आमची रजा बंद होती आणि पुलावरून गाड्या मुंगीच्या पावलाने जात होत्या. खाली दोन्ही काठांना नुसती डोकी. माझी आई त्या वेळी आली होती. नांदेडला घरामागच्या घाटावर जन्मभर अंघोळ केलेली बाई, राजमुंद्रीला कोटिलिंगाल घाटावर उभी राहून पलीकडचा काठ शोधत होती. म्हणाली, 'अगं बाई, हिचं एवढं झालं होय!' माहेरी पाहिलेली पोर सासरी भेटावी तशी.

प्रश्न : पुलावरून जाताना नदीत नाणं टाकावं का? (पुणे)

श्रद्धेचं तुम्ही बघा. मी कामाचं सांगतो. धावत्या गाडीतून फेकलेलं नाणं फार क्वचित सरळ पाण्यात जातं. ते गर्डरला लागून उसळतं, आणि पुलावर कीमन किंवा रंगारी असतो. आमच्या एका रंगाऱ्याच्या भुवईवर चार टाके पडले होते, एक रुपयाच्या नाण्याने. तो नाणं मात्र जपून ठेवलं होतं म्हणायचा, मोबदला म्हणून. बाकी जी पाण्यात पडतात ती घाटावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून काढतात. आता स्टीलची नाणी आली, ती पटापट चिकटतात. पूर्वीच्या तांब्याच्या पैशाला बुडी मारावी लागायची.